ट्रॅक्टर कोणाच्या दारात?

मृगाचा पाऊस पडून उघडीप मिळाली की दोन दिवसांत रानाला वापसा येतो. आमच्याकडची जुनी माणसे त्याला ‘घात’ म्हणतात. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पण शिकून मुंबई-पुण्यात नोकरीला लागलेल्या आपल्या मुलांसाठी सांगते. माती मुठीत दाबली तर गोळा झाला पाहिजे आणि तोच गोळा बोटाने टोचला तर फुटला पाहिजे. हा वापसा तीन दिवस, फार तर चार दिवस टिकतो. तेवढ्यात रान तयार करून बी टाकले तर टाकले. नंतर रान वाळून टणक होते, नाहीतर पुन्हा पाऊस लागतो.

आमचे रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी आहे. मूळची वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, जमिनी नावावर झाल्या, आणि पुढे भावाभावांत वाटण्या होत होत आमच्या वाट्याला एक एकर आली. तीही वीस-वीस गुंठ्यांच्या दोन तुकड्यांत. सासूबाईंच्या काळी दोन घरांत मिळून एक बैलजोडी असे आणि पैऱ्यावर कामे निघत. बैल गेले आणि आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघू लागलो.

ट्रॅक्टरवाला माणूस वाईट नव्हता. “वैनी, उद्या सकाळी येतो की,” असे गोड बोलायचा. पण आधी त्याचे स्वतःचे रान, मग भावकीचे, मग दहा एकरवाल्याचे, आणि सगळ्यांचे आटपले की आमचे. वीस गुंठ्यांसाठी ट्रॅक्टर कोण वळवणार? यात जात किती आणि हिशेब किती, हे मी पुष्कळदा मनाशी तोलून पाहिले आहे. दोन्ही होते. एका वर्षी सहाव्या दिवशी ट्रॅक्टर आला. ढेकळांत सोयाबीन टोकले, निम्मे उगवलेच नाही. बियाण्याचे पैसे उसने होते. ते फेडून दुबार पेरणीसाठी पुन्हा उसने काढले. त्या रात्री मालक न जेवता झोपले.

आमच्या वस्तीत दहा जणींचा बचत गट आहे, मी त्याची सचिव. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची एक योजना आम्हाला कळली. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर व ट्रेलर ही उपसाधने. ८ मार्च २०१७ च्या शासन निर्णयाप्रमाणे किमतीची मर्यादा साडेतीन लाख होती. त्यातले ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये अनुदान. १० टक्के, म्हणजे ३५ हजार गटाचे. आणि मर्यादेवर खर्च गेला तर तो गटाने सोसायचा. गटात किमान ८० टक्के सदस्य या घटकांतले हवेत; अध्यक्ष व सचिवही त्यातलेच हवेत. अर्ज जास्त आले तर सोडत निघते. २०१८ मध्ये आम्ही अर्ज भरला आणि सोडतीत आमचे नाव निघाले.

नाव निघाल्याची बातमी आमच्या आधी गावाला लागली. दोन दिवसांत एका बागायतदाराचा निरोप आला. “तुमचे पस्तीस हजार मी भरतो. वर प्रत्येकीला पाच हजार रोख. तुम्ही सह्या तेवढ्या करा. ट्रॅक्टर माझ्या गोठ्यात राहील, लागेल तेव्हा पाठवून देईन.”

वाचक बहिणींनो, या निरोपाला हसू नका. आमच्यात दोघींच्या घरी त्या वर्षी लग्न होते, एकीचा नवरा दवाखान्यात होता. “पाच हजार आज हातात पडतात. ट्रॅक्टर कुणी बघितलाय?” असे एक जण म्हणाली आणि तिला कोणी उलट बोलले नाही. योजनेत मिळालेला ट्रॅक्टर विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, हे मी वाचून दाखवले. पण कायद्याच्या भीतीने माणूस गप्प बसतो, पटत नाही.

माझे माहेर कराड तालुक्यात, मसूरजवळ. माहेरी जायचे तर मी मसूर स्टेशनावरच उतरते. १९०१ साली लहानगे बाबासाहेब भाऊ-भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाले, ते याच स्टेशनावर उतरले होते. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि आपल्या घरोघरी ती माहीत आहे. मी बैठकीत एवढेच म्हणाले, “तेव्हा पैसे आपले, हाकणारे आपण, पण गाडी त्याची. आता गाडी आपल्या नावाची आणि कासरा त्याच्या हातात द्यायचा?” थोरल्या आक्का उठल्या आणि कनवटीचे पाचशे रुपये काढून माझ्यापुढे ठेवले. पस्तीस हजार जमायला आम्हाला पाच आठवडे लागले.

आता दुसरा वाद निघाला: ट्रॅक्टर कोणता? माझा मुलगा आणि पुतणे म्हणाले, “पंधरा अश्वशक्ती म्हणजे खेळणं आहे. चौदा एप्रिलला रथ तरी ओढेल का?” थोरले भाऊजी म्हणाले, “योजना राहू द्या. बँकेचे कर्ज काढून पंचेचाळीसचा घेऊ. दारात शोभला पाहिजे.” दारात शोभण्याची हौस मला कळते. ज्यांच्या दारात कधी काही शोभू दिले नाही, त्यांना ती अधिकच असते. पण आमच्या नात्यात एकाने तीन एकरांवर असाच मोठा ट्रॅक्टर घेतला होता. वर्षातले दोन-तीन महिने काम, हप्ता मात्र बारमाही. चौथ्या वर्षी कर्जवाल्यांनी तो दारातून ओढून नेला, आणि नेताना बघायला सगळे गाव होते.

मी महिनाभर ठरवून नातेवाइकांकडे जाऊन आले. तासगावला नणंदेच्या घरी द्राक्षबाग आहे. तिथे ट्रॅक्टर वेलींच्या मांडवाखालून जावा लागतो, म्हणून तो बुटका आणि अरुंद हवा. औषध फवारणीचा ब्लोअर चालवायचा म्हणजे ताकदही हवी. आणि ठिबकाने ओल्या झालेल्या जमिनीत चारही चाकांना ओढ हवी. म्हणून बागवाले कुबोटाचा निओस्टार बी २४४१ किंवा महिंद्राचा जिवो २४५ असे २४ अश्वशक्तीचे फोर व्हील ट्रॅक्टर बघतात. त्यांना ते परवडते, कारण वर्षभर फवारणी असते. पाटणला मावशीकडे डोंगरउताराची भातखाचरे. तिथे अरुंद ताली, वळायला जागा नाही, उलटण्याची भीती. तिथे पॉवर टिलरच बरा. माहेरी भावाचा ऊस साडेचार फुटांच्या सरीत आहे. तो म्हणाला, “ताई, आधी सरी मोज. मागच्या चाकांतले अंतर सरीत बसले नाही, तर कितीही चांगला ट्रॅक्टर असू दे, भरणीला उपयोगाचा नाही.”

घरी आल्यावर मी आणि सुनेने सुतळी घेऊन रान मोजले. आमचा एक तुकडा ६६ फूट रुंद आणि ३३० फूट लांब, बरोबर वीस गुंठे. मोठ्या ट्रॅक्टरला मागच्या अवजारासकट वळायला दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा फूट लागतात असे धरले, तर जवळजवळ दोन गुंठे नुसते वळण्यात तुडवले जातात. लहान ट्रॅक्टर आठ फुटांत वळला, तर एकच गुंठा. वीस गुंठ्यांच्या मालकाला एक गुंठा म्हणजे काय, हे दहा एकरवाल्याला कळायचे नाही.

मग अश्वशक्तीचा हिशेब. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत इंजिनची अश्वशक्ती असते. रोटाव्हेटर फिरवतो तो मागचा पीटीओ, आणि त्याची ताकद इंजिनपेक्षा नेहमी कमी असते. विकणारा म्हणेल, चार फुटी रोटर चालेल. विचारा, आमच्या काळ्या रानात चालवून दाखवता का? आम्ही तसे विचारले. एकाने टाळले, दुसऱ्याने दाखवले. पंधरा अश्वशक्तीला तीन फुटी रोटर बेताचा बसला आणि एकराला अडीच तास लागले.

हा आकडा मिळाला आणि वाद संपला. गटातल्या दहा घरांची मिळून जमीन अकरा एकर. अकरा एकरांना अडीच तासांप्रमाणे साडेसत्तावीस तास. दिवसाला नऊ तास धरले तर तीन दिवसांच्या थोडे वर. वापसाही तीन-चार दिवसच टिकतो. म्हणजे हे ‘खेळणे’ आमच्या दहाही घरांना वापशात पोहोचत होते. पंचेचाळीसच्या ट्रॅक्टरने हेच काम दीड दिवसात झाले असते. वाचलेल्या दीड दिवसासाठी आम्ही पाच-सहा वर्षे हप्ता भरला असता.

या वर्गात महिंद्राचा युवराज २१५, स्वराजचा ७१७ असे १५ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे ट्रॅक्टर आहेत. दोघांचेही गुण-दोष मेकॅनिकला विचारले. शेवटचा निकाल मात्र ट्रॅक्टरवर झाला नाही. ज्याचा मिस्त्री सायकलवरून तासाभरात येऊ शकतो आणि ज्याचे सामान बाजाराच्या गावात मिळते, तो घेतला. वापशाच्या दुसऱ्या दिवशी फिल्टरसाठी सांगलीला जावे लागले, तर अनुदानाचा काय उपयोग?

२०१९ च्या सुरुवातीला ट्रॅक्टर आला आणि ऑगस्टमध्ये महापूर आला. सामान आणि म्हातारी माणसे उंचावर न्यायला ट्रेलर उपयोगी पडला. पाणी उतरल्यावर घाई करून आम्ही गाळाच्या रानात ट्रॅक्टर घातला आणि तो रुतला. दोन चाकांच्या ओढीचा हा दोष आहे, तो लपवत नाही. बाहेर काढायला पूर्वीचाच भाडेवाला त्याचा मोठा ट्रॅक्टर घेऊन आला. भाडे घेतले नाही. “वैनी, घात बघून घालायचा,” एवढे मात्र ऐकवून गेला. ऊस काढल्यावर खोडव्याचे रान खोल नांगरायला आम्ही आजही त्यालाच बोलावतो. लहान ट्रॅक्टर ते करू शकत नाही, आणि वर्षातल्या एका दिवसासाठी मोठा विकत घेण्यात शहाणपण नाही.

चालवायला सून शिकली, एक पुतण्या शिकला. दोघांनी लायसन काढले. एक नियम मात्र आम्ही कडक केला आहे. पीटीओच्या फिरत्या शाफ्टवर झाकण असल्याशिवाय रोटर सुरू करायचा नाही, आणि तो फिरत असताना पदर किंवा ओढणी घेतलेली बाई जवळ जाणार नाही. शाफ्ट पदर गुंडाळू लागला की सोडवायला वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर घेणाऱ्या प्रत्येक महिला गटाने हे भिंतीवर लिहून ठेवावे.

तासाप्रमाणे ठरलेली रक्कम गटाच्या खात्यात जाते, डिझेल ज्याचे त्याने घालायचे. चावी आमच्या घरात खिळ्याला असते आणि वहीत सही करून न्यावी लागते. ज्या गटांना योजनेत जायचे असेल त्यांनी अनुदानाची रक्कम व अटी आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात आधी विचाराव्यात. त्या वेळोवेळी बदलतात. एजंटाकडून विचारू नये.

नंबराचा नियम आक्कांनी घालून दिला. गेल्या वर्षी ज्याचा नंबर शेवटचा, त्याचा यंदा पहिला. कोणाचेच घर कायम शेवटी राहायचे नाही.

गेल्या मृगात शेवटचा नंबर आमचा होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सून ट्रॅक्टर घेऊन आमच्या बांधावर आली. मालक खाली वाकले, माती मुठीत घेऊन दाबली. गोळा झाला. बोटाने टोचला, फुटला.