पैनगंगेकाठचा प्राचीन समुद्र

अकोला–पूर्णा लोहमार्गावर, वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात जऊळका हे छोटेसे स्थानक आहे. श्रीअंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे सर्वपरिचित असलेले शिरपूर याच तालुक्यातले. जऊळक्यास उतरणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो तो काळा रंग. रुळांखालची खडी काळी, विहिरीतला खडक काळा आणि तूर-सोयाबीनची जमीनही काळीच. हा खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून उसळलेला लाव्हा थरांवर थर होऊन गोठला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे.

या काळ्या मुलखात समुद्राची आठवण कोणास होणार? परंतु वाशीम जिल्ह्याच्या दक्षिण भागातून वाहणारी पैनगंगा पूर्वेकडे निघाली की तिच्याबरोबर भूमीचा इतिहास मागे मागे जाऊ लागतो. सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी खडक अजून काळाच असतो. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन-वणी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना या भागांत मात्र लाव्ह्याचे आच्छादन संपते आणि करडा, निळसर, कोठे गुलाबी झाक असलेला, फरशीसारख्या पातळ थरांचा चुनखडक उघडा पडतो. भूशास्त्रज्ञांनी या खडकसमूहास नदीचेच नाव दिले आहे : पैनगंगा समूह.

हा खडक समुद्राच्या तळाशी घडला. पाण्यातील चुन्याचा सूक्ष्म गाळ कणाकणाने खाली बसत गेला, वरच्या थरांच्या भाराने दबला आणि दगड झाला. त्याचे वय १०० कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते. त्यात शंख-शिंपले शोधणाऱ्याची निराशा होते, कारण कवचधारी प्राणी तेव्हा पृथ्वीवर अवतरलेच नव्हते. समुद्र हटल्यानंतर, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, या परिसरात नद्या आणि अरण्ये आली. वणीचा कोळसा ही त्या अरण्यांची ठेव. लाव्हा आला तो सर्वांत शेवटी.

आज या समुद्रतळाशी प्रत्येक घराचा संबंध आहे. वणीजवळच्या राजूर येथील भट्ट्यांत हाच दगड भाजून चुना केला गेला. गडचांदूर, आवारपूर येथील सिमेंट कारखाने याच दगडावर उभे राहिले. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला, तर छप्पन्न किलो चुना हाती येतो. उरलेले चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. समुद्राने दगडात बंदिस्त केलेला वायू असा पुन्हा मोकळा होतो. त्यात भट्टीच्या कोळशाचा धूर वेगळाच.

व्यापारात मुद्दल आणि नफा यांतील भेद लहान मुलासही शिकवला जातो. शेतातले पीक दरवर्षी येते, तो नफा. चुनखडक हे निव्वळ मुद्दल आहे. खाणीतून निघालेला थर माणसाच्या कोणत्याही पिढीत पुन्हा भरून येणार नाही. म्हणून बांधकाम करूच नये असे नव्हे. परंतु जुनी भक्कम वास्तू केवळ हौसेखातर पाडण्यापूर्वी, गरजेहून मोठा इमला उभारण्यापूर्वी, सिमेंटचे पोते पावसात भिजू देण्यापूर्वी त्यामागचा काळ क्षणभर आठवावा.

जऊळक्याच्या फलाटावरून तो समुद्र दिसत नाही. फलाटाला लागलेल्या सिमेंटच्या कणाकणांत मात्र अशाच एखाद्या समुद्राचा अंश असतो.