अब्बांच्या जीपचे इंजिन

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही मोहल्ल्यात जा, चार घरांमागे एक तरी माणूस गाडीखाली झोपून काम करणारा सापडतो. कोणी फिटर, कोणी वेल्डर, कोणी रेडिएटर झाळणारा, कोणी लेथवर, कोणी भंगारात. घरात तव्यावरची भाकरी येते ती या कामातून येते. आपल्या लिखाणात मात्र हे काम फारसे येत नाही. तलाक, पडदा, दंगल, गरिबी यांवर आपण पुष्कळ लिहिले आणि ते लिहायलाच हवे होते. पण ग्रीसने काळ्या झालेल्या हातांना काय कळते, हेही कोणीतरी लिहिले पाहिजे. आमच्यावर इंजिन शोधण्याची पाळी आली, तेव्हा ते आम्ही जवळून पाहिले.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला सांगलीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे, म्हणून लिहिण्याचे काम त्याच्याकडे. धाकटा पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीवर अम्मीसोबत राहतो, थोडी भातशेती आणि दोन म्हशी बघतो. अब्बांनी उमेदीची वर्षे कऱ्हाड-पाटण मार्गावर दुसऱ्याची वडाप जीप चालवण्यात घालवली. 1996 साली त्यांनी स्वतःसाठी एक जुनी जीप घेतली. महिंद्रची एमएम 540, मॉडेल 1990चे, चारही चाके ओढणारी. आमची वाडी डांबरी रस्त्यापासून साडेतीन किलोमीटर वर आहे. एसटी खालीच थांबते. वरचा रस्ता म्हणजे तांबडी माती, जांभ्याचे दगड आणि दोन ओढे. पावसाळ्यात खत, दूध, गॅसची टाकी, तापाने फणफणलेले पोर आणि अडलेली बाळंतीण, सगळ्यांची वाहतूक त्या एका जीपने केली. जीप बंद असेल तेव्हा माणसाला झोळीत घालून खाली आणायचे.

अब्बा 2016 साली गेले. 2019च्या जुलैमध्ये गंजलेला पत्रा बदलण्यासाठी जीप सांगलीला आणली होती. ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या पुढे गेले. ज्या गल्लीत जीप उभी होती तिथे आठवडाभर पाणी होते, स्टेअरिंगपर्यंत. लोकांची घरे गेली, ब्रह्मनाळला तर बोट उलटून माणसे गेली. त्या मानाने एका जीपचे दुःख ते काय. पण वाडीवर पुढचा पावसाळा जीपशिवाय काढायचा होता, हेही खरेच होते.

पाणी ओसरल्यावर गॅरेजवाल्या मिस्त्रींनी पहिली गोष्ट सांगितली, सेल मारायचा नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा वीस-बावीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की वरून पडलेले डिझेल आपोआप पेटते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पाणी आत असताना इंजिन फिरवले तर पिस्टनला जागा मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नववीच्या पोरांना आपण जो दाब आणि तापमान फळ्यावर शिकवतो, तो मिस्त्रींनी दोन वाक्यांत सांगितला.

इंजिन खोलले. आत नदीचा गाळ बसलेला. तो धुऊन निघाला असता. पण क्रँक पूर्वीच्या दोन कामांत घासून शेवटच्या मापावर आली होती आणि ब्लॉकला आतून तडा होता. मिस्त्री म्हणाले, "सर, इसमें अब पैसा नको डालो. दुसरा इंजन देखो."

कुठले इंजिन, इथून आमचे खरे शिक्षण सुरू झाले.

हा मुलूख तसा इंजिनांचाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला, ती आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना 1922चा, आणि पुढच्या दशकात तिथे डिझेल इंजिन तयार होऊ लागले. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. विहिरीवरच्या इंजिनाने इथल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या शेजारच्या फिटरला हे यंत्र ओळखीचे करून दिले. जीप बनवणाऱ्या कंपनीची कथाही आपल्या वाचकाला ठाऊक असावी. 1945 साली ती निघाली तेव्हा नाव होते महिंद्र अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 साली कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. 'एम अँड एम' ही अक्षरे तेवढी तशीच राहिली.

आमच्यापुढे चार वाटा होत्या. पहिली मॅटाडोरच्या इंजिनाची. 2404 सीसीचे हे इंजिन मर्सिडीजच्या परवान्याने पुण्यात बनले. आपल्याकडे ते मॅटाडोर आणि ट्रॅक्समध्ये आले आणि तिथून असंख्य ॲम्बॅसिडर नि जीपमध्ये गेले. गुळगुळीत चालते, सुटे भाग कुठेही मिळतात. पण ते दुसऱ्या कंपनीचे. आमच्या गिअरबॉक्सला जोडायचे तर मध्ये पट्टी बनवावी लागणार, इंजिनाचे पाय नव्याने वेल्ड करावे लागणार. शिवाय फोर-बाय-फोर जीपला पुढचा धुराही ताकद घेतो. त्याचा डिफरन्शियलचा गोळा इंजिनाखालीच फिरतो. ऑइलचा चेंबर त्यावर आदळू नये, अशी जागा शोधावी लागते. खड्ड्यात पाटा दबला की ही जागा आणखी कमी होते.

दुसरी वाट महिंद्रच्याच 2523 सीसीच्या डीआय इंजिनाची. धाकट्याचे मन यावर होते. याचे घराणे इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनाचे. डिझेल थेट सिलिंडरमध्ये पडते, थंडीत हीटर प्लगची वाट बघावी लागत नाही, ॲव्हरेज चांगले, चढाला खालच्या फेऱ्यातच ओढते. कंपनीने स्वतः पुढच्या जीपमध्ये ते बसवले. खोट एवढीच की ते थरथरते फार.

तिसरी वाट अपघातातल्या नव्या बोलेरोच्या कॉमन रेल इंजिनाची. ताकद भरपूर, पण सगळा कारभार सेन्सर आणि वायरिंगवर. वाडीच्या ओढ्यात ते बंद पडले, तर लॅपटॉपवाला मिस्त्री यायचा कुठून?

चौथी वाट जे होते तेच पुन्हा बसवण्याची. प्यूजो कंपनीच्या परवान्याचे एक्सडीपी, 2112 सीसी. चढाला ओढण्यात चौघांत सर्वांत कमी.

आम्ही दोघे रोज ताकद आणि ॲव्हरेज यांची बेरीज-वजाबाकी करीत बसलो. मिस्त्री ऐकत होते. एक दिवस म्हणाले, "इंजन नको देखो सर, जोड देखो." मग त्यांनी जोड म्हणजे काय ते बोटांवर मोजून दाखवले. बेल हाउसिंगचे बोल्ट जुळतात का. क्लचप्लेट तीच चालते का. जास्त ताकद आली तर तीस वर्षांचा गिअरबॉक्स आणि मागचे एक्सल ती सोसतील का. रेडिएटर पुरेल का. ब्रेकचा व्हॅक्यूम पंप इंजिनावर आहे का. पुढच्या पाट्यांवर वजन किती येईल. आणि शेवटी, आरसी बुकात काय लिहिले आहे.

हे शेवटचे बोट आम्ही विचारातच घेतले नव्हते. 1988च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. 2019च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाला धरून राहा, असेच बजावले. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बदली म्हणून बसवणे ही सरळ वाट. तरी नोंदणी कार्यालयाला कळवून नवा इंजिन नंबर पुस्तकात चढवून घ्यावा लागतो. आमच्या जीपची पंधरा वर्षे 2005 सालीच संपली होती. दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायची, आणि पुढची तारीख 2020ची.

हे सगळे चालले होते ते 2019चे शेवटचे महिने. डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. मोहल्ल्यात ट्रंका उघडल्या गेल्या. जन्माचे दाखले, आजोबांचा सातबारा, शाळा सोडल्याचे दाखले, नावातला 'शेख' पुढे की मागे, एका कागदावर 'बी' आणि दुसऱ्यावर 'बेगम' का, याच चर्चा. थोरल्याकडे रोज कोणी ना कोणी जुना उर्दू दाखला वाचून घ्यायला येई. त्या दिवसांत नंबर न जुळणारी गाडी दारात ठेवणे अम्मीला मान्य नव्हते. ती म्हणाली, "ताकत कम रही तो चलेगा. कागद पूरा होना." धाकट्याने डीआयचा नाद सोडला, पण चार दिवस तो आमच्याशी धड बोलला नाही. वरच्या चढाला दुधाचे कॅन घेऊन जाणारा तो होता. ताकदीची गरज त्याला होती, सांगलीत राहणाऱ्याला नव्हे. त्याचा राग खोटा नव्हता.

कऱ्हाडजवळ एका भंगारवाल्याकडे एक्सडीपीचे हाफ इंजिन सापडले. मिस्त्री स्वतः आले. बरोबर त्यांचा शागीर्द, जो थोरल्याच्या वर्गातून नववीत शाळा सोडून गेलेला. इंजिन कसे बघायचे ते या पोराने दाखवले. आधी ब्लॉकवरचा नंबर घासून पुन्हा ठोकलेला नाही ना, ते बोट फिरवून पाहिले. मग क्रँक हाताने फिरवली, कुठे अडते का बघितले. ऑइलमध्ये बोटे घालून दोन बोटांत चोळले. पाणी मिसळले असेल तर ते दुधाळ दिसते, धातूचा चुरा असेल तर चमकतो. बेअरिंगची एक टोपी खोलून क्रँक किती घासली आहे ते मायक्रोमीटरने मोजले. भंगारवाल्याकडून बिल घेतले आणि ज्या गाडीतून इंजिन निघाले, तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही मागून घेतला. शाळेत या पोराला अपूर्णांक जमत नव्हते. इथे तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर बोलत होता.

नवीन पिस्टन-रिंगा, बेअरिंगे, हेडचे काम, नोझल आणि डिझेल पंपाची तपासणी, क्लचप्लेट, सगळे धरून पंच्याऐंशी हजारांच्या आसपास गेले. चढाची अडचण मिस्त्रींनी वेगळीच सोडवली. जुने, मापापेक्षा मोठे टायर काढून कंपनीच्या मापाचे घातले. चाक लहान झाले की तेच इंजिन चढाला जास्त ओढते; सपाटीवरचा वेग तेवढा कमी होतो, आणि वाडीच्या वाटेवर वेगाचे काम काय? 2020च्या फेब्रुवारीत नवा नंबर पुस्तकात चढला. नोंदणीही वाढली.

जुलै 2021मध्ये पाटण तालुक्यावर जे कोसळले ते आपण वाचले आहे. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडीखाली माणसे गेली. आमच्या वाडीच्या वरचा उतारही फाटला होता. धाकट्याने लो गिअर टाकून दिवसभरात सात फेऱ्या मारल्या आणि म्हातारी माणसे नि मुले खालच्या शाळेत आणली. नंतर तो एवढेच म्हणाला की डीआय असते तर पाच फेऱ्यांत झाले असते. असेलही.

आमच्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. भंगारातून आणलेल्या इंजिनाला सरकारी पुस्तकात जागा मिळाली. ते बसवणाऱ्या पोराकडे त्याच्या हुनराचा एक कागद नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडला दहावी लागते, आणि तो नववीतून गेलेला. अनुभवावर कौशल्याचे प्रमाणपत्र देणारी सोय 2015पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत झाली. आमच्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत ती कोणी घेऊन आले नाही. आम्ही शिक्षक मंडळी गळतीचे तक्ते भरतो आणि पोर 'शाळाबाह्य' झाले की रकाना बंद करतो. ते कुठे गेले, तिथे काय शिकले, हे विचारायला गॅरेजात जात नाही.

त्या पोराला 17 नंबरचा फॉर्म भरायला लावला. दोन वर्षे रात्री साडेआठनंतर, हात धुऊन, तो गणित करायला येत होता. अपूर्णांक आम्ही बेअरिंगच्या मापांवरून शिकवले. 2023 साली तो दहावी झाला. आता त्याच गॅरेजातले आणखी तिघे येतात. त्यांतला एक बत्तीस वर्षांचा आहे आणि त्याला दोन मुले आहेत. वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांनी आपल्या शाळेजवळच्या गॅरेजात एकदा जाऊन यावे. तिथे आपला एखादा विद्यार्थी नक्की भेटेल. फॉर्म भरण्याची मुदत बोर्डाच्या सूचनेत दर वर्षी येते. तेवढी पाहून ठेवावी.