डोअरकीपर दारावर, ट्रेलर मोबाइलवर

२०२२ च्या संक्रांतीला करी रोडच्या आमच्या चाळीत तिळगुळाआधी एक ट्रेलर वाटला गेला. महेश मांजरेकरांचा ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’. गिरणगावातली गोष्ट, म्हणजे घरचंच कार्य! व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडला आणि निवृत्त गिरणी कामगारांपासून सातवीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी पाहिला. मग गॅलरीत कुजबुज सुरू झाली, ‘बघितलंस काय ते?’

चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र होतं. असा चित्रपट अठरा वर्षांखालच्या मुलाला थिएटरात दाखवता येत नाही, आईबाप सोबत असले तरीही. शेजारचा एक सोळा वर्षांचा मुलगा नुकत्या फुटलेल्या मिशीच्या भरवशावर मोठ्या भावाबरोबर गेला. डोअरकीपरने आधार कार्ड मागितलं आणि त्याला दारातूनच परत पाठवलं. कायदा चोख पाळला गेला. फक्त, ट्रेलर त्याने आठवडाभर आधीच पाहिला होता.

गोची इथेच आहे. थिएटरात लागणाऱ्या ट्रेलरला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, यूट्यूबवर चढवलेल्याला लागत नाही. या ट्रेलरवर आक्षेप घेत राष्ट्रीय महिला आयोगाने माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहिलं, निर्मात्यांनी ट्रेलर मागे घेतला आणि १४ जानेवारीला चित्रपट लागला. फेब्रुवारीत पोक्सो न्यायालयाच्या आदेशावरून माहीम पोलिसांनी मांजरेकरांवर गुन्हाही नोंदवला.

मूळ कथा जयंत पवारांची. ‘अधांतर’मधून लालबाग-परळ रंगभूमीवर आणणारे नाटककार, आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वर्षानुवर्षं नाटकांची परीक्षणं लिहिणारे समीक्षकही. २९ ऑगस्ट २०२१ ला ते गेले, चित्रपट लागायच्या साडेचार महिने आधी. ते असते, तर आपल्या कथेच्या या अवताराबद्दल काय म्हणाले असते, हे ऐकायला मला आवडलं असतं. त्यांच्या कथासंग्रहावर कसलाही शिक्का नाही. वाचनालयातून कोणीही घरी न्यावा.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंना जायचं होतं, पण धाकधूक होती. ‘ए’ ठीक आहे, पण कशासाठी ‘ए’? ‘मारामारी असली तर चालेल, ते दुसरं नको,’ असं म्हणत त्यांनी मला वर्तमानपत्रातलं परीक्षण मोठ्याने वाचायला लावलं. त्या एका अक्षरात रक्त आहे की शिव्या, की आणखी काही, हे कळत नाही. समीक्षक निदान तेवढं सांगतो. शिवाय ती हिंसा कथेची गरज आहे की नुसता धक्का, यावर मतही देतो. ते मत पटलंच पाहिजे असं नाही. काकूंना पटलं नाही आणि त्या गेल्याच.

नोव्हेंबर २०२४ पासून ‘यूए’ प्रमाणपत्राचे तीन भाग झाले आहेत: ७+, १३+ आणि १६+. १९८३ पासून चालत आलेल्या सरसकट ‘यूए’पेक्षा हे नक्कीच बरं. पण हे आकडे डोअरकीपरसाठी नाहीत, पालकांसाठी आहेत. आठ वर्षांच्या मुलाला १६+ च्या चित्रपटाला नेलंत, तर दारावर कोणी अडवणार नाही. तेव्हा तिकीट काढण्याआधी आकडा बघा, एखादं परीक्षण वाचा आणि मुलाने ट्रेलर कुठे पाहिला, हे त्यालाच विचारा.