युनिटांचा हिशेब

मुंबईला विजेवर चालणारे वाहन नवे नाही. १९०७ साली येथे विजेची ट्राम सुरू झाली आणि १९६४ साली तिने निरोप घेतला. आता बॅटरीवर धावणाऱ्या बसगाड्या आल्या आहेत. त्यांचा धूर नाही, गोंगाट नाही. परंतु त्यांच्याही पोटाचा हिशेब असतोच. तो हिशेब एके सायंकाळी आमच्या दारी आला.

आमच्या धर्मग्रामातील एक बसचालक खिन्न मुद्रेने समोर बसला. "फादर, माझी गाडी वीज फार खाते म्हणून मला समज दिली. दर किलोमीटरला दुसऱ्यांपेक्षा अर्धे युनिट जास्त, असं पत्रक सांगतं."

सेमिनरीत जाण्यापूर्वी शिकलेले भौतिकशास्त्र आम्ही पुरते विसरलो नव्हतो. रविवारच्या सूचनापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघे आकडे मांडू लागलो. प्रवाशांसह गाडीचे वजन १६ टन धरले. रस्त्यावर चाके फिरवण्यास दर किलोमीटरला सुमारे ०.४४ युनिट लागते. ताशी ३६ किलोमीटरचा वेग घेण्यास प्रत्येक वेळी ०.२२ युनिट खर्ची पडते. किलोमीटरमध्ये तीनदा थांबावे लागले, तर ०.६६. ब्रेक लावताना मोटारच जनित्र बनते आणि त्यातील काही वीज बॅटरीत परत जाते. निम्मी परत आली असे मानले, तर उरले ०.३३. एवढ्या वेगाला वाऱ्याचा विरोध अल्पच.

राहिले वातानुकूलन. ते सरासरी १० किलोवॅट घेते असे धरले. गाडी उभी असली तरी ते घेतच राहते. ताशी २० किलोमीटर वेग असेल, तर एका किलोमीटरला तीन मिनिटे, म्हणजे अर्धे युनिट. कोंडीत तोच वेग १० वर आला की सहा मिनिटे आणि पूर्ण एक युनिट! पहिली बेरीज १.२७, दुसरी १.७७. मोटारीतील आणि बॅटरीतील नासाडी वेगळीच.

"तुझा मार्ग कोणता?" आम्ही विचारले. त्याने सांगितले. भर गर्दीच्या वेळची, बाजारातून जाणारी फेरी. चालकाच्या पायाचाही वाटा असतो. हिसका देऊन ब्रेक दाबणारा परत मिळणारी वीज गमावतो. परंतु ते अर्धे युनिट बहुतांशी त्या कोंडीचे होते, त्याचे नव्हते.

कागद घडी करून तो उठला, आणि आम्हांला आमचे पत्रक आठवले. मागच्याच महिन्यात गायकवृंदाच्या हजेरीची वही उघडून आम्ही सर्वांदेखत त्याला सुनावले होते : "तुझ्या नावापुढे फुल्याच फुल्या!" तो मान खाली घालून उभा राहिला होता. त्या आठवड्यात त्याच्या पाळ्या कोणत्या होत्या, हे आम्ही विचारले नव्हते. विधवेच्या दोन नाण्यांवर किती प्रवचने आम्ही दिली! देणाऱ्याजवळ उरले किती हे पाहावे, असे लोकांना सांगत आलो, आणि वही हाती आली की केवळ बेरीज पाहिली.

दारातच आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, म्हणाला, "फादर, रविवारी पहाटेची पाळी आहे. सुटलो तर येईन."

त्या रात्री आम्ही हजेरीच्या वहीत पट्टीने एक नवा रकाना आखला. त्यावर लिहिले : पाळी.