जे पक्षी जात नाहीत

डिसेंबर-जानेवारीत साकोलीच्या आसपासच्या तलावांवर मोठमोठ्या लेन्सचे कॅमेरे दिसू लागतात. शिवनीबांधची पाळ असो की थोडं पुढे गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध, सगळ्यांची नजर पाहुण्यांवर असते. तलवार बदक, लालसरी, आणि नशीब जोरावर असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. उन्हं तापू लागली की बदकं उत्तरेकडे वळतात आणि त्यांच्यामागे कॅमेरेही निघून जातात. त्या पाहुण्यांवर माझंही प्रेम आहे. पण इथेच राहणाऱ्या, इथेच घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं अख्खं वर्ष टिपत राहावं, ही ओढ मला जास्त वाटते.

एका कमळपक्ष्याचंच सांगतो. लांब शेपटीचा हा पक्षी हिवाळ्यात पाहिला तर ओळखू येऊ नये इतका साधा असतो: पाठ मातकट, पोट पांढरं, छातीवर एक काळपट पट्टा. लांब शेपटीचा पत्ताच नसतो. हाच पक्षी जुलैत पाहावा. अंग गर्द तपकिरी, तोंड आणि पंख पांढरेशुभ्र, मानेमागे सोनेरी झळाळी आणि मागे कमानदार लांब शेपूट. कॅमेऱ्याला हा पक्षी अवघड आहे. पंखांचा पांढरा रंग सांभाळावा तर अंगाचा तपकिरी काळा पडतो, म्हणून मी ढगाळ सकाळ निवडतो आणि पाळीच्या पायथ्याशी पाण्याच्या पातळीवर आडवा होतो. तिथून त्याची लांबलचक बोटं दिसतात. त्या बोटांवर वजन पसरतं, म्हणूनच तो तरंगत्या पानांवरून चालू शकतो.

खरी ओळख त्यानंतर होते. मादी चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे सगळं नराचं काम. पाणी चढलं किंवा धोका जाणवला, तर तो अंडी दुसऱ्या जागी हलवतो. हे पुस्तकात वाचलं होतं. पण जोराच्या पावसानंतर तलाव फुगलेला असताना एकच नर त्याच पानांच्या पट्ट्यात दिवसामागून दिवस दिसत राहिला, तेव्हा वाचलेलं अंगात भिनलं. घरट्याचा फोटो मी काढत नाही. आपण जवळ गेलो की नर उठतो, अंडी उघडी पडतात, आणि कावळा वर टपलेला असतोच. दुरून, अस्पष्ट, पण तारखेसकट मिळालेला फोटो मला पुरतो. माझ्या संग्रहातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे फोटो असेच आहेत. भिंतीवर लावण्याजोगे ते नाहीत, पण ते ओळीने लावले की एका पक्ष्याचं वर्ष दिसतं.

असं पाहू लागलं की महिन्यांचा अर्थ बदलतो. पळस फुलतो तेव्हा मैना, कोतवाल, शिंजीर मधासाठी त्या केशरी फुलांवर झुंबड करतात आणि त्यांच्या कपाळावर पराग माखतात. मोहफुलं वेचायच्या दिवसांत दयाळ पहाटेपासून गात असतो. मग पावश्याची आर्त हाक चढत जाते. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून चातक येतो, दक्षिणेकडून नवरंग येतो. नवरंग नागझिऱ्याच्या जंगलात प्रजननासाठी येतो, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो, आणि पानांच्या खचात असा मिसळतो की ऐकू येतो पण दिसत नाही. याच जंगलाच्या दाराशी, आमच्याच साकोली तालुक्यातल्या पिटेझरीत, पक्षितज्ज्ञ किरण पुरंदरे पुणे सोडून राहायला आले. आणि मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. जागा ओळखायची तर तिथे राहावं लागतं, हे या दोघांकडे पाहून पटतं.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत मी सारस पाहायला बांध्यांच्या धुऱ्यावर असतो. महाराष्ट्रातले सारस मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात उरले आहेत, भंडाऱ्यात अगदी मोजके. माणसाएवढा उंच हा पक्षी भाताच्या उभ्या पाण्यात घरटं करतो. शेतकऱ्याने तेवढा तुकडा सोडला, तरच दोन अंडी तगतात. इथे पक्ष्याचं नशीब थेट माणसाच्या हातात आहे.

तलावांचंही तसंच आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने पाणी अडवून हे तलाव आणि बोड्या (लहान तळी) उभ्या केल्या, त्यांच्यावर भात पिकवला. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली आणि मालगुजारांच्या ताब्यातले तलाव सरकारकडे आले. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली. आता गाळ काढला जातो, तो काढायलाच हवा. पण काठ सरळ तासून तलाव सगळीकडून खोल केला, की उथळ पाणी आणि पाणवनस्पती जातात, आणि कमळपक्ष्याला पाय ठेवायला पान उरत नाही. लहान मासळीचं घरही त्याच वनस्पतींत असतं, हे मासेमारी करणारे ढिवर बांधव कुणीही न शिकवता सांगतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर कुटुंबांनी तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावून दाखवल्या आहेत. मला ते काम फार मोठं वाटतं.

म्हणून यंदा उन्हाळ्यात यंत्र तलावात उतरण्याआधी, मी वर्षभराचे फोटो तारखांसकट ग्रामसभेत नेणार आहे. कुठल्या काठाला कोण राहतं, कुठल्या महिन्यात अंडी असतात, कुठला उथळ पट्टा तसाच ठेवला तर मासळीला आणि पक्ष्याला दोघांनाही पुरेल, हे दाखवायला माझ्याकडे आता पुरावा आहे.