सड्यावरची पंधरा मिनिटं

गुहागर ते गणपतीपुळे हा रस्ता नकाशावर कधी पाहिलाय? उजव्या हाताला समुद्र, काठाकाठाने जाणारी रेघ. पाहणाऱ्याला वाटतं, वा! सगळं सपाट दिसतंय, तासाभरात उडवून टाकू. पण तिथे सायकल घातलीत, की नकाशा किती लबाड असतो ते पायांना कळतं.

त्याचं असं आहे बघा. कोकणच्या या किनाऱ्यालगत जांभ्या दगडाची उंच पठारं आहेत. त्यांना तिथली माणसं ‘सडा’ म्हणतात. नद्यांनी आणि खाड्यांनी हा सडा जागोजाग कापून काढलाय. गावं, देवळं, नारळी-पोफळीच्या बागा, सगळं खाली पाण्याजवळ. मग एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, तर आधी सड्यावर चढायचं, वरचं उघडं कातळ ओलांडायचं आणि पुन्हा सुर्रकन खाली! चढ तसे फार उंच नसतात, पण दिवसात असे पाच-सहा झाले, की एखादा मोठा किल्ला चढल्यासारखं होतं. त्यात मागे कॅरिअरवर सामान!

डिसेंबर २०२३ मध्ये मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र पुण्याहून गोव्याला सायकलने निघालो होतो. ताम्हिणी घाट उतरून किनारा गाठायचा आणि मग समुद्राच्या सोबतीने दक्षिणेकडे जायचं, असा बेत. त्यातला हा पाचवा दिवस. दोघंही पंचावन्न ओलांडलेले, तेव्हा वेगाचं काही विचारू नका.

या माझ्या मित्राला बाराव्या वर्षापासून मधुमेह आहे. गोड जास्त खाल्ल्यामुळे झालेला नव्हे बरं का! हा टाइप १ मधुमेह. यात शरीर स्वतःच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करून टाकतं. मग इन्शुलिन रोज बाहेरून टोचून घ्यावं लागतं. इन्शुलिन १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात सापडलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं फार काळ जगत नसत. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा टोचलं गेलं लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या मुलाला. तो होता चौदा वर्षांचा, म्हणजे तुमच्यातल्याच एखाद्याएवढा, आणि अगदी मरणाच्या दारात होता. इन्शुलिनवर तो पुढे तेरा वर्षं जगला.

आता तुम्ही म्हणाल, सायकलच्या गोष्टीत हे कुठून आलं? तर आमच्या सफरीत हेच सगळ्यांत महत्त्वाचं होतं. पाय जोरात चालायला लागले, की स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. म्हणजे टोचलेलं इन्शुलिन नेहमीचंच, पण साखर मात्र दुपटीने उडतेय! म्हणून तो सफरीच्या दिवसांत डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे डोस कमी घेतो आणि वरचेवर बोटाला टोचून साखर मोजतो. इन्शुलिनला ऊन सोसत नाही, म्हणून ते पेन ओल्या कापडाच्या पिशवीत, सावलीच्या बाजूला. लहानपणी त्याच्या घरी फ्रिज नव्हता, तेव्हा इन्शुलिनची बाटली मातीच्या मडक्यात ठेवलेली मी पाहिलीय. माठातलं पाणी ज्या युक्तीने गार होतं, तीच ही युक्ती.

सकाळी गुहागरहून निघालो तेव्हा साखर १४८. उत्तम! पालशेतचा चढ त्याने गप्पा मारत चढला. त्याची ती सवयच आहे. मला चढावर श्वास पुरत नाही आणि हा आपला वर्गातल्या कुणाकुणाच्या नकला करतोय! वेळणेश्वरला देवळाच्या सावलीत आम्ही पोहे खाल्ले. हेदवीला समुद्रात शिरलेल्या खडकात एक अरुंद घळ आहे, बामणघळ म्हणतात तिला. भरतीच्या वेळी लाट त्या घळीत घुसते आणि पाण्याचा फवारा उंच उडतो. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. घळ नुसतीच गुळगुळ करत होती. फवारा पाहायचा असेल, तर भरतीची वेळ विचारूनच जा.

हेदवी सोडली आणि सडा सुरू झाला. दुपारचे बारा. वर पिवळं वाळलेलं गवत, काळपट कातळ आणि सावलीच्या नावाने एक करवंदीची जाळी! मी पुढे होतो. पुढचं छोटं दातेरी चक्र, मागचं सगळ्यांत मोठं, म्हणजे सगळ्यांत हलका गिअर लावून डुगडुगत चाललो होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं, मागून आवाज येत नाहीये.

मागे वळून पाहिलं. तो येत होता, पण मुकाट्याने. मी थांबलो. तो जवळ आला आणि म्हणाला, “आपण रस्ता चुकलोय.”

“नाही रे, हाच रस्ता. खाली नरवण, मग तवसाळ.”

“चुकलोय म्हणतो ना! तुला नेहमीच सगळं कळतं!” आणि त्याने हातमोजा काढून रस्त्यावर फेकला.

दोस्तांनो, मला अजिबात राग आला नाही. का, ते सांगतो.

१९८२ साली आम्ही नववीत होतो. आमच्या वर्गाची खडकवासल्याला सायकल सहल निघाली. सगळ्यांची नावं लिहून घेतली, याचं नाही. ‘वाटेत काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?’ असं त्याला सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. तो काही बोलला नाही, पण दोन दिवस डबा न खाता परत नेत होता. आणि त्याच्यासारख्याने जेवण चुकवणं म्हणजे काय, ते त्याच्या आईला माहीत होतं. तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, “पुढच्या रविवारी तुम्ही दोघंच जा. पण आधी शीक.”

मग तिने मला शिकवलं. साखर उतरली, की घाम येतो, हात थरथरतात. “आणि हा गप्प होईल. बडबड्या मुलगा गप्प झाला, की आधी साखर, मग बाकी सगळं. चिडेलसुद्धा. तेव्हा भांडत बसू नकोस, तो चिडत नाहीये, साखर चिडतेय.” हे तिने माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा, हेही सांगितलं. मग बरोबर लिंबू-साखरेच्या पाण्याची बाटली दिली. मी तासाच्या भाड्याने सायकल घेतली, त्याच्याकडे वडलांची होती. गेलो आणि परत आलो!

तर, सड्यावर मी नुसतं म्हटलं, “बोट दे.” कुरकुरत का होईना, दिलं. आकडा आला ५२. सत्तरच्या खाली गेला की धोका! ग्लुकोजची पावडर पाण्यात घालून दिली, साधारण पंधरा ग्रॅम. चॉकलेट नाही, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मग पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. नियम एवढाच, पण ती पंधरा मिनिटं! त्याला करवंदीच्या सावलीत बसवलं आणि मी घड्याळाकडे बघत उभा. एक टेम्पो गेला, त्याला थांबवावं का? मनात हिशेब चालला होता, की आकडा वर आला नाही तर जवळचा दवाखाना कुठल्या बाजूला, पुढे की मागे? तो डोळे मिटून बसला होता. मी त्याला दर मिनिटाला काहीतरी विचारत होतो आणि तो ‘हं’ म्हणत होता.

बाराव्या मिनिटाला तो म्हणाला, “अरे, माझा हातमोजा कुठंय?”

मोजलं, ८४. मग शेंगदाण्याची चिक्की आणि केळं, साखर पुन्हा उतरू नये म्हणून. आणखी अर्धा तास आम्ही तिथेच बसलो. तवसाळची फेरीबोट अर्थातच चुकली. पुढची मिळाली. शास्त्री नदीच्या मुखावर बोट सायकलींसकट आम्हांला जयगडला घेऊन गेली, तेव्हा तो बोटीतल्या माणसाशी माशांच्या भावावरून वाद घालत होता! जयगडचा चढ त्याने माझ्या पुढे चढला. केशवसुतांचं मालगुंड येईपर्यंत सूर्य समुद्राला टेकला होता.

रात्री गणपतीपुळ्याहून त्याने आईला फोन लावला. ती आता शहाऐंशी वर्षांची आहे. मुलाशी दोन वाक्यं बोलून तिने फोन मला द्यायला सांगितला.

“गप्प झाला होता का रे?”

“हो काकू. हेदवीच्या वर.”

“चिडला?”

“हातमोजा फेकला.”

“बरं,” ती म्हणाली, आणि मग विचारलं, “जेवायला काय आहे?”