दुखणे सांध्यांचे, घाव काळजावर

आपल्या गोंदिया जिल्ह्यात कित्येक घरे बाईच्या हातांवर चालतात. पावसाळ्यात बांधीत रोवणी, एरवी सुपात विड्या. बोटे सुजली, सकाळी मूठ वळेना, तरी "वात आहे" म्हणून ती कामाला बसते. पण प्रत्येक वात म्हातारपणाचा नसतो. डॉक्टर ज्याला र्‍हुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो आमवात तिशी-चाळिशीतही धरतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो. यात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटते. ही सूज सांध्यांपुरती राहत नाही, रक्तवाहिन्यांनाही बाधते. म्हणून अशा रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे दीडपट असतो.

हे आम्हाला कळले ते मोठ्या वहिनींच्या आजारातून. बारा वर्षांचा आमवात. एका रात्री डावा खांदा व जबडा दुखू लागला, घाम सुटला, मळमळले. छातीत कळ अशी नव्हतीच. जवळच्या एका दवाखान्यात "वाताचेच आहे" म्हणून इंजेक्शन देऊन परत पाठवले. पहाटे दम लागला तेव्हा पुतणीने १०८ ला फोन केला. इ.सी.जी. काढला आणि हृदयविकाराचा झटका आल्याचे कळले. वहिनी वाचल्या, पण हृदय कमजोर झाले ते झालेच. आज नळावरून एक गुंड पाणी आणताना त्या दोनदा थांबतात.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या २००५ च्या अभ्यासात आमवाताच्या रुग्णांत न कळता येऊन गेलेले झटके अधिक आढळले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातल्या २००६ च्या अभ्यासात पहिल्या झटक्यानंतर ३० दिवसांत दगावणारेही त्यांच्यात जास्त होते. श्रीमंत देशांत ही गत, तर विडी वळणाऱ्या बाईने किती सावध राहावे!

आम्ही कारकून माणसे. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर गेला नाही की प्रकरण अडते, हे रोज पाहतो. वहिनींचेही तसेच होते. सांध्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी, हृदयाच्या डॉक्टरांची वेगळी. आता दोन्ही कागद एकाच फाइलीत लावून दोघांसमोर ठेवतो. कोणती गोळी कशाबरोबर चालत नाही, हे त्यांना तेव्हाच कळते.

माताभगिनींनो, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाऊ नका. त्या हृदयाला घातक ठरू शकतात. आमवाताची सूज दाबणारे औषध मनाने बंद करू नका, कारण सूज आटोक्यात राहिली तर हृदयावरचा भारही हलका होतो. रक्तदाब, साखर व रक्तातील चरबी तपासून घ्या. घरातील तंबाखूची डबी बाहेर काढा. खांदा, जबडा, पाठ किंवा छाती दुखून घाम वा दम आला, तर "मला आमवात आहे, इ.सी.जी. काढा" असे स्पष्ट सांगा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध जितके लवकर मिळेल तितके हृदय वाचते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीही बसते. रेशनकार्ड व आधारकार्ड हाताशी ठेवा.

दुखणे अंगावर काढणे हा बाईचा धर्म नाही. डॉक्टरांपुढे तोंड उघडून तपासणी मागणे हा उर्मटपणाही नाही. तो तिचा हक्क आहे.